रंग, जात, ‘ते लोक’... मुलांशी नेमकं काय बोलता?

टेकडीवरची
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा प्लीज.

तर झालंय असं की आमच्या बिल्डिंगमध्ये (खारघर) एप्रिलमध्ये एक मिझोरामचं कुटुंब राहायला आलं. त्यांचा मुलगा माझ्या लेकीच्याच वर्गात, तिसरीत, बसही एकच. बसमध्ये पोरं त्याला मोमो म्हणतात, काही मोठी मुलं चिंकी म्हणतात. लेकीने घरी येऊन हे हसत हसत सांगितलं, तिला वाटलं टोपणनाव आहे, आणि वर विचारते, आई तो इंडियन नाहीये ना, मग एवढं चांगलं हिंदी कसं बोलतो? नवरा म्हणाला नकाशा दाखव. दाखवला. मिझोराम सापडलं, आयझॉल सापडलं, मग म्हणते ओके, इंडियन आहे, मग सगळे मोमो का म्हणतात? इथे माझी गाडी अडली.

त्याच आठवड्यात सासूबाई आल्या आणि दारातच, ‘काळवंडली गं पोर, ते पोहणं बंद करा आधी’. तेव्हापासून ही आरशासमोर हात पुढे करून बघतेय. मला कळत नाहीये की या दोन वेगळ्या गोष्टी आहेत की एकच. ‘बाळा सगळे सारखेच असतात’ हे बोलून झालंय, काडीचा उपयोग नाही, कारण तिला डोळ्यांनी दिसतंय की सारखे नाहीत.

तुम्ही लोक काय बोलता? किती वयापासून? उपदेश नकोत, प्रत्यक्ष काय वाक्य बोललात ते सांगा.

साधा_माणूस
ताई, राग मानू नका पण मुलं निरागस असतात, हे सगळं आपण मोठे त्यांच्या डोक्यात भरतो. आम्ही शाळेत काळ्या, जाड्या, ढापण्या, बुटक्या सगळं म्हणायचो, कोणाचं काही बिघडलं नाही, आजही सगळे ग्रुपवर आहेत. हे वंशभेद वगैरे अमेरिकेतलं, आपण कशाला ओढवून घ्यायचं.

गडकरी_कट्टा
बिघडलं नाही हे तुम्ही त्या काळ्याला विचारलंय का साहेब, की ग्रुपवर तो अजून स्मायली टाकतो म्हणून ठरवून टाकलंत?

साधा_माणूस
विचारायची गरज पडली नाही कधी. मित्र आहोत आम्ही.

एडिसनवाली
मी मूळची ठाण्याची, चरईतली, आता न्यू जर्सीत. ‘अमेरिकेतलं’ असं वर कुणी म्हटलं म्हणून लिहिते.

इथे फेब्रुवारीत शाळेत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना असतो. मुलगी पहिलीत असताना रुबी ब्रिजेसची गोष्ट ऐकून आली. १९६० साल, न्यू ऑर्लिन्स, सहा वर्षांची काळी मुलगी फक्त गोऱ्यांच्या शाळेत जायला निघाली तर सोबत सरकारी मार्शल लागले, बाहेर मोठी माणसं ओरडतायत, गोऱ्या पालकांनी आपापली मुलं काढून नेली आणि वर्षभर एकच बाई त्या एकट्या मुलीला वर्गात शिकवत होत्या. माझ्या मुलीने ही गोष्ट सांगून झाल्यावर विचारलं, ते ओरडणारे कोणाचे आईबाबा होते? मला तो प्रश्न फार आवडला. ते लोक राक्षस नव्हते, कोणाचे तरी आईबाबाच होते, संध्याकाळी घरी जाऊन पोरांना जेवू घालणारे.

आता दुसरी बाजू. त्याच शनिवारी आपल्याच लोकांच्या पॉटलकला गेलो, आणि तिथे एक काका मराठीत, मुलांसमोर, ‘त्या बाजूला घर बघू नका, काळे फार आहेत’. त्यांना वाटतं मुलांना मराठी येत नाही. बोलता येत नसेल, कळतं सगळं. आणि गंमत म्हणजे याच राज्यात जर्सी सिटीमध्ये १९८७ ला डॉटबस्टर्स नावाची टोळी होती, टिकली लावणाऱ्या बायका दिसल्या की त्रास द्यायचे, भारतीयांवर हल्ले झाले, एकाचा जीवही गेला. म्हणजे इथे आपण ‘ते लोक’ होतो. हे मी मुलीला आठवीत सांगितलं, पहिलीत नाही.

चौथी_ब
ठाण्यात प्राथमिकला शिकवते, त्यामुळे जरा लांबड लागेल.

साधा_माणूस, निरागस म्हणजे आंधळी नव्हे हो. तीन महिन्यांचं बाळसुद्धा रोज जे चेहरे बघतं तशा चेहऱ्यांकडे जास्त वेळ बघतं. फरक दिसणं हे काही पाप नाही. त्या फरकाला चांगलं की वाईट हे लेबल मात्र ते आपल्याकडून उचलतं, आणि आपण गप्प बसलो तर बसमधून उचलतं.

यावर जुना आणि गाजलेला प्रयोग आहे बाहुल्यांचा. केनेथ आणि मेमी क्लार्क, काळं मानसशास्त्रज्ञ जोडपं, साधारण १९४० च्या आसपास. तीन ते सात वर्षांची काळी मुलं, समोर एकसारख्या बाहुल्या, फरक फक्त रंगाचा. कुठली छान? बहुतेकांनी गोरी उचलली. वाईट कुठली? काळी. आणि शेवटचा प्रश्न, तुझ्यासारखी दिसते ती कुठली? इथे काही मुलं रडली, काही उठून निघून गेली. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९५४ ला शाळांमधला वर्णभेद रद्द केला त्या निकालात या कामाचा उल्लेख आहे. आता तुमच्या लेकीचं आरशासमोर हात धरणं आठवा आणि सांगा हे अमेरिकेतलं आहे का.

माझ्या वर्गातलं सांगते. चित्रकलेच्या तासाला हमखास, ‘बाई स्किन कलर द्या ना’. आणि उचलतात तो फिकट गुलाबी खडू, जो वर्गातल्या चाळीसातल्या एकाच्याही हाताशी जुळत नाही. मग मी ब्राऊन, पिवळा, लाल, पांढरा असे पोस्टर कलर देते आणि सांगते आपापल्या मनगटाजवळ ब्रश नेऊन बघा, जुळेपर्यंत मिसळा. फार मजा येते, एक तास पुरत नाही. सगळ्यांना ब्राऊन लागतो, कोणाला कमी कोणाला जास्त. मग सांगायला सोपं जातं की त्वचेत मेलॅनिन नावाचं द्रव्य असतं, ते उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवतं, ज्यांचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या कडक उन्हाच्या प्रदेशात राहिले त्यांच्यात ते जास्त. पोहून काळवंडली म्हणजे शरीराने आपलं काम केलं, बस. तिसरीच्या मुलीला एवढं पुरतं.

एक मात्र करू नका. जेन इलियट नावाच्या शिक्षिकेने १९६८ ला, मार्टिन ल्युथर किंग यांच्या खुनाच्या दुसऱ्या दिवशी, तिसरीच्या वर्गाची निळे डोळे आणि तपकिरी डोळे अशी विभागणी केली होती, एका गटाला सवलती, दुसऱ्याला बोलणी. व्हॉट्सॲपवर ते फिरत असतं आणि उत्साही पालक घरी करून बघतात. नका करू. त्या प्रयोगावर तेव्हाही टीका झाली, आजही होते, मुलांचा अपमान करून अपमान शिकवायची गरज नाही.

टेकडीवरची
@चौथी_ब रंगांचं या रविवारी करणारच. सासूबाईंनाही बसवते ब्रश घेऊन :)

तलावपाळी
सासूबाईंवर फार चिडू नकोस गं. त्यांनी आयुष्यभर तेच ऐकलंय. फेअर अँड लव्हली १९७५ ला बाजारात आली आणि २०२० ला ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ केलं, म्हणजे पंचेचाळीस वर्षं घराघरात तो शब्द फडताळात. मी स्वतः सावळी, माझ्या बाराव्या दिवसापासून डाळीचं पीठ आणि साय सुरू होती म्हणे. लग्नाच्या वेळी बायोडेटात काकाने ‘गव्हाळ’ लिहिलं, मी म्हटलं हा कुठला गहू, तर म्हणे गप्प बस. पंढरीचा काळा चालतो आपल्याला, सून काळी चालत नाही.

मी माझ्या मुलीसमोर एकच नियम केलाय, घरात कोणाच्याही दिसण्यावर पहिलं वाक्य बोलायचं नाही. आत्या आली तर ‘बारीक झालीस’ नाही, ‘काळी झालीस’ नाही, ‘प्रवास कसा झाला’ विचारा. आईला पाळायला जड जातं, पण नात टोकते तेव्हा ऐकते.

आगरी_ठसका
मी कोपरखैरणे गावातली. नोडमधली (म्हणजे सिडकोने वसवलेल्या सेक्टरांमधली) नाही, गावातली. हा फरक नवी मुंबईत राहणाऱ्यांना बरोब्बर कळतो.

माझा मुलगा सेक्टरमधल्या मोठ्या शाळेत आहे. घरी आम्ही आगरीच बोलतो. सिनियर केजीत असताना शाळेतून आला आणि म्हणाला, ‘आये, शालेन आपली भाषा नको बोलू का?’ कोणीतरी हसलं होतं, मुलं नाही, डब्याच्या वेळी असणारी एक बाई हसली होती, ‘गावठी’ म्हणून. तेव्हापासून माझ्याशी पण गेटच्या आत प्रमाण मराठीत बोलतो, गेटच्या बाहेर आलं की आगरी. सहा वर्षांचं पोर.

सिडको, नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, १९७० ला आली, आमच्या आजोबांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर हे सगळे टॉवर उभे आहेत. जमिनीच्या भावासाठी जानेवारी १९८४ ला जासईच्या बाजूला आंदोलन झालं, शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या मागे लोक उभे राहिले, पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसं गेली, त्यानंतर घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळायला लागली. आणि त्याच जमिनीवरच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज येतो, ‘लोकल लोकांपासून सावध’. आम्ही लोकल. बरं.

मी मुलाला हुतात्म्यांची गोष्ट सांगितली. चिडवण्याबद्दल काही बोललेच नाही, आधी सांगितलं आपण कोण. मग दोन महिन्यांनी त्यानेच वर्गात शो अँड टेलला जाळं नेलं आणि माशांची नावं आगरीत सांगितली. बाईंनी (ही दुसरी बाई) त्याला परत सांगायला लावली म्हणे. टेकडीवरची, तुमच्या शेजारच्या मुलाला मिझो येत असेल. कोणीतरी त्याला विचारा.

कळवा_लोकल
माझा आयडी कळवा असला तरी राहतो मुंब्र्यात. आयडी तसा का हे आता समजेल.

माझी मुलगी सहावीत, शाळा ठाण्यात. तिच्या वाढदिवसाला तिने वर्गातल्या मैत्रिणींना बोलावलं, चौघींच्या आया म्हणाल्या आमच्याकडे ठेवा ना, मॉलमध्ये ठेवा ना, मुंब्र्याला नको. कोणी वाईट बोललं नाही, सगळ्या गोड बोलल्या. मुलीला मी काय सांगू? लांब पडतं म्हटलं. ती म्हणाली अब्बू, दोन स्टेशनं लांब नाही. घोडबंदरला जायला त्यांना एक तास लागतो ते चालतं.

मग तिला सरळ सांगितलं. काही लोक आपल्याबद्दल भेटण्याआधीच ठरवून बसतात, त्यात तुझं काही चुकलेलं नाही आणि हे खोटं आहे असं म्हणून मी तुला फसवणार नाही. ती त्या रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी ठीक होती. हल्ली कोणी विचारलं तर ‘कळव्याच्या पुढे’ सांगते. माझ्याकडूनच शिकली.

तेव्हा ज्यांना प्रश्न पडलाय की मुलांशी कुठल्या वयात बोलावं, त्यांनी हेही बघा की काहींना वय निवडायची मुभाच नसते.

निळी_छत्री
कळवा_लोकल यांच्या शेवटच्या वाक्याला माझा अनुमोदनाचा अंगठा. मी वाट बघत होतो की बाहुल्या, मेलॅनिन, अमेरिका सगळं झाल्यावर जातीचं नाव कोण काढतंय. काढतो मीच.

माझ्या मुलाला पाचवीत शेजारच्या बाकावरच्या पोराने विचारलं, तुमच्यात गणपती बसतो का? नाही म्हटल्यावर, ‘मग तुमचं फुल नेम काय?’ दहा वर्षांच्या पोराला आडनाव कशासाठी विचारायचं हे माहीत होतं. आणि त्याचे आईवडील मला स्वतः म्हणालेत, आमच्या घरात जातपात काही नसतं हो. खरंच म्हणत असतील. त्यांना कधी लागली नाही म्हणून दिसली नाही.

आमच्या घरात हे बोलणं सात-आठ वर्षांचं झालं की होतंच. मी बाबासाहेबांच्या साताऱ्याच्या शाळेपासून सुरुवात केली. घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसायचं, तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही, शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नाही तर पाणी नाही. मुलाला हे लगेच कळतं, कारण तहान त्याला माहीत आहे. मग महाड, २० मार्च १९२७, तळ्याचं पाणी. आम्ही त्याला चवदार तळ्यावर घेऊन गेलो होतो.

आणि ज्यांना वाटतं वंशभेद तिकडचा, जात इकडची, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. जोतिबांनी १८७३ ला ‘गुलामगिरी’ लिहिली ती अर्पण केली अमेरिकेतल्या लोकांना, गुलामांना मुक्त केल्याबद्दल. पुण्यात बसून त्यांना दोन्हीतलं नातं दिसलं होतं. आणि १९५९ ला मार्टिन ल्युथर किंग केरळात एका शाळेत गेले तेव्हा मुख्याध्यापकांनी मुलांना ओळख करून दिली, हे अमेरिकेतले आपल्यासारखेच अस्पृश्य. किंग यांनी पुढे भाषणात सांगितलंय की आधी धक्का बसला, राग आला, मग आपल्या लोकांची अवस्था आठवली आणि मनाशी म्हटलं, होय, आहे मी अस्पृश्य.

@तलावपाळी, पंढरीच्या काळ्याच्या देवळात आमच्या लोकांना जायला १९४७ उजाडलं, त्यासाठी साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. चोखोबा पायरीशीच आहेत अजून. तुम्ही चांगल्या अर्थानेच लिहिलंय, फक्त जोडलं.

साधा_माणूस
माझ्या मुलांना आजपर्यंत जात माहीत नाही. आता हे सगळं सांगून मुद्दाम माहीत करून द्यायची का? उलट फॉर्म भरताना कॅटेगरी विचारतात तेव्हाच कळते त्यांना, आणि मग राग येतो.

निळी_छत्री
तोच तर घोळ आहे. तुमच्या मुलांना जात पहिल्यांदा कळते ती कॉलेजच्या ॲडमिशनला, तेव्हा ती फक्त दुसऱ्याचा फायदा म्हणून दिसते. तळ्याचं पाणी आधी कळलं असतं तर फॉर्म वेगळा दिसला असता.

ॲडमिन
आरक्षणावर वेगळे धागे आहेत, तिकडे जा. इथे मुलांशी बोलण्यापुरतंच.

पाम_बीच_रोड
जरा हलकं. वाशीच्या मॉलमध्ये लिफ्टमध्ये आम्ही, आणि दोन आफ्रिकन मुलं, कॉलेजची असावीत. माझा पाच वर्षांचा चिरंजीव मोठ्याने, ‘बाबा, हा किती काळा आहे!’ लिफ्टमध्ये सन्नाटा. बायकोने त्याचं तोंड दाबलं. मी म्हटलं हो, त्याचा रंग गडद आहे, तुझा मध्यम आहे, हाय म्हण. तो हाय म्हणाला, त्या मुलानेही हसून हाय केलं. घरी बायको म्हणाली किती लाज वाटली. मला वाटतं नुसतं तोंड दाबून तिथेच थांबलो असतो तर पोराला एवढंच कळलं असतं की काळं असणं ही बोलू नये अशी काहीतरी भयंकर गोष्ट आहे.

नंतर मुरुडला गेलो तेव्हा आफ्रिकेतून आलेल्या जंजिऱ्याच्या सिद्दींबद्दल सांगितलं, आणि मग मलिक अंबर. इथिओपियात जन्म, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हात बदलत बदलत दख्खनेत आला आणि निजामशाहीचा कारभारी झाला. खडकी शहर वसवलं, आजचं छत्रपती संभाजीनगर, तिथे नहरीने पाणी आणलं. १६२४ ला भातवडीच्या लढाईत मोगल आणि आदिलशाही दोघांना हरवलं, त्यात शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. चिरंजीव आता बिल्डिंगमध्ये मलिक अंबर खेळतो. आपल्या पुस्तकात हा माणूस दोन ओळींत उरकतात, खरं तर यावर मराठी मुलांचा जीव जडायला पाहिजे.

चौथी_ब
लिफ्टमधलं उत्तर एक नंबर. मलिक अंबरही आवडला. एकच पुस्ती, गोष्टी फक्त शूरांच्या नकोत. नाहीतर मुलं असा अर्थ काढतात की लढाई जिंकली तर मान. दोन साध्या मुलांना कॉलेजला जाताना कोणी टक लावून बघू नये, यासाठी त्यांनी शहर वसवलेलं असायची गरज नाही.

टेकडीवरची
सगळं वाचतेय, दोनदा वाचतेय. बसचं काय करू ते कोणीतरी सांगा. लेकीला म्हटलं तू त्यांना ओरड, तर म्हणते ती मुलं सहावीतली आहेत. बरोबर आहे तिचं.

चौथी_ब
तिसरीच्या मुलीने सहावीच्या पोरांशी भांडावं अशी अपेक्षा नकोच. तिला दोन कामं द्या. एक, त्याला त्याच्या नावाने हाक मारायची, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. दुसरं, त्याच्या शेजारी बसायचं. बाकी मोठ्यांचं काम. बसमधल्या मावशींशी आधी बोला, मग वर्गशिक्षिकेला लेखी द्या, ‘चिडवतात’ असं मोघम नको, नेमका कुठला शब्द आणि कोणत्या मार्गावरची बस ते लिहा. शाळेने चालढकल केली तर तारखा असलेला कागद हातात असलेला बरा.

आणि ते शब्द किरकोळ वाटत असतील त्यांच्यासाठी, जानेवारी २०१४ ला दिल्लीत अरुणाचलचा निडो तानिया, जेमतेम विशीतला, दुकानात त्याच्या दिसण्यावरून चेष्टा झाली, त्यातून मारहाण, आणि तो गेला. नंतर केंद्राने ईशान्येच्या लोकांच्या तक्रारींसाठी बेझबरुआ समिती नेमली. ते मुलांना सांगू नका, पण शाळेच्या मीटिंगमध्ये जरूर सांगा.

आगरी_ठसका
आणि त्याच्या आईशी बोलण्याआधी शाळेत परस्पर जाऊ नका. कदाचित तिला माहीत असेल, कदाचित मुलाने लपवलं असेल. चहाला बोलवा, आधी विचारा तुम्हाला काय हवंय. माझ्या वेळी एका उत्साही बाईने माझ्या वतीने तक्रार केली होती, त्यानंतर आठवडाभर माझा पोरगा शाळेत जाईना.

गडकरी_कट्टा
सगळं छान चाललंय पण मुलं आपलं भाषण ऐकत नाहीत, आपली लिफ्ट बघतात. आमच्या घोडबंदरच्या सोसायटीत पाटी आहे, ‘घरकामगार व डिलिव्हरीवाल्यांनी फक्त सर्व्हिस लिफ्ट वापरावी’. माझ्या मुलाने वाचायला शिकल्यावर जे पहिलं मोठं मराठी वाक्य सलग वाचलं ते हे. त्याला सांभाळणाऱ्या मावशी त्याला कडेवर घेऊन असल्या तर मोठी लिफ्ट चालते, खाली ठेवला की नाही चालत. आणि घरात त्यांचा कप वेगळा, तो आमच्या आईने ठेवलेला, कान तुटलेला. कप मी बदलला, तेवढं माझ्या हातात होतं.

साधा_माणूस
लिफ्टचं स्वच्छतेसाठी असतं हो, कचऱ्याच्या पिशव्या असतात त्यांच्याकडे. यात पण जात?

निळी_छत्री
कचरा असेल तेव्हा कचऱ्यासाठी पाटी लावा की, ‘ओला कचरा सर्व्हिस लिफ्टने न्यावा’. मग तुमच्या हातात पिशवी असेल तेव्हा तुम्हीही त्याच लिफ्टने जाल. पाटीवर माणसं का?

साधा_माणूस
हं. हा मुद्दा पटण्यासारखा आहे. आमच्याकडे पण तीच पाटी आहे. बाकी सगळं मला अजून पटलेलं नाही, नोंद असावी.

पाम_बीच_रोड
नोंद घेतली. कट्टा, पाटी बदलायची प्रोसेस काय? आमच्या सेक्रेटरींना विचारलं तर म्हणतात बिल्डरने लावलीय.

गडकरी_कट्टा
बिल्डर गेला की कधीच. एजीएम (सोसायटीची वार्षिक सभा) ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्याआधी विषय मॅनेजिंग कमिटीला लेखी द्या आणि पोच घ्या, नाहीतर ऐनवेळचे विषय म्हणून रात्री अकराला घेतात आणि तोपर्यंत सगळे घरी. सोबत चार-पाच सभासदांच्या सह्या जोडा. निळी_छत्रींचं वाक्य उचलून ठराव करतोय, ‘पाटीवर व्यक्तींचा उल्लेख न करता सामानाचा उल्लेख करावा’. मसुदा तयार आहे, ज्यांना हवा त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

साधा_माणूस
व्यनि केला आहे.